पिळ्याचं दुसरं टोक

१

मैनाबाईला माणसं चादरीवरून कळत. घाटंजीच्या रस्त्याला गाव सोडून थोडं पुढं गेलं की सरकारी विश्रामगृह लागे. तिथं तिचा नवरा रामराव खानसामा होता, चौकीदारही होता आणि साहेब लोक नसले की मालकही होता. रांधणं त्याचं, धुणं हिचं. कोणता ओव्हरसियर दारू घेऊन झोपला आणि कोणत्या तहसीलदाराला रात्रभर डोळा लागला नाही, हे तिला सकाळी नाल्यावर चादर पाण्यात बुडवतानाच समजे. समजलेलं पोटात ठेवायची मात्र तिला सवय नव्हती.

बाई मुळात शंकेखोर. दूध उतू गेलं तर दोष जाळाचा नसे, कुणाच्या तरी नजरेचा असे. रामराव म्हणायचा, "तुले त पोलिसातच घ्याले पाह्यजे होतं."

एकोणीसशे बासष्टच्या फाल्गुनात शीलाबाई आली. कापूस निघून शेतं उघडी पडली होती, घराघरापुढं जळणाला पऱ्हाट्यांचे भारे रचले होते आणि रस्त्याची धूळ उडून कपाळाला चिकटत होती. बाई गोरी, वयानं पन्नाशीपार, तोंडभर तांबूस ठिपके. चाळणीतून कोंडा सांडावा तसे. मुलूख आयर्लंड. नाव विचारलं तर म्हणाली, शीला. त्यांच्याकडेही हे नाव असतं म्हणे. रामरावाला फार आनंद झाला.

"पाय, मैना, आपल्यातलंच नाव निघालं."

"नाव आपल्यातलं असन," मैनाबाई म्हणाली, "पन एवढ्या दुरून ते अठी आली काहून?"

कशाला आली हे शीलाबाईनं लपवलं नव्हतं. वर्ध्याकडच्या एका आश्रमात राहून ती मोडकंतोडकं हिंदी शिकली होती. विश्रामगृहामागच्या माळावर जुन्या काळच्या धोंड्यांची रिंगणं आहेत, ती तिला पाहायची होती. तिच्या देशातही माळावर असेच धोंडे गोल मांडलेले आहेत आणि त्यांच्या खाली जमिनीत जुने लोक राहतात असं तिथली माणसं मानतात. रिंगण उजव्या हाताला ठेवून ती फिरे, आपण देवळाला फिरतो तशी. मग माळ उतरून चिंधीमायच्या झऱ्याशी जाऊन बसे.

इथवर ठीक होतं. साहेब लोकांचे याहून वेडे छंद रामरावानं पाहिले होते. पण मैनाबाईच्या मनात दोन गोष्टी सलत होत्या. एक म्हणजे बाईच्या चादरीला कधी सुरकुती नसे. पलंगावर कुणी झोपलंच नव्हतं जणू. आणि दुसरी म्हणजे रोज चहा घेताना ती हळूच विचारी, "मैनाबाई, आज कुछ सुना?"

"काय आयकू?"

"नाले पर. कोई कपड़ा धो रहा था?"

"नाल्यावर मीच धुतो वो बाई. दुसरं कोन येते?"

शीलाबाई मान हलवायची आणि कप खाली ठेवायची.

२

चिंधीमाय म्हणजे देऊळ नाही की मूर्ती नाही. झऱ्यावर एक हिवराचं झाड आहे, एवढंच. घरात कुणी आजारी पडलं तर त्याच्या अंगावरच्या कापडाची चिंधी फाडायची, झऱ्यात भिजवायची आणि हिवराच्या काट्यांत बांधून मागं न बघता यायचं. उन्हानं, धुळीनं चिंधी विरत जाते आणि तिच्याबरोबर दुखणंही विरतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या चिंध्या त्या. एका पावसाळ्यात त्यांची माती होते. बांधलेली चिंधी मात्र कुणी सोडायची नाही. सोडेल त्याला दुखणं लागतं.

शीलाबाईनं हे ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हमारे यहाँ भी," ती म्हणाली. "बिलकुल ऐसा."

मैनाबाईला एकच लेक. विमल, सात वर्षांची, दिवसभर शीलाबाईच्या मागं. बाईनंही तिला लळा लावला होता आणि एके दिवशी आपल्या पेटीतला हिरवा रुमाल काढून तिच्या डोक्याला बांधला. रेशमासारखा मऊ, नवाकोरा. विमल तो डोक्यावरून काढीना.

आठवडा गेला नाही तोच पोरगी तापानं फणफणली.

"हिवताप असन," रामराव म्हणाला. "मागच्या वर्षीबी आलता."

मागच्या वर्षी आला होता हे खरं. पण मैनाबाईच्या मनानं हिशेब वेगळा मांडला होता. रुमालाच्या आधी पोरगी धड होती, रुमालानंतर आडवी झाली. रामराव असल्या हिशेबाला हसे. या खेपेला हसला नाही, कारण पोरीचं अंग हाताला सोसवत नव्हतं.

दवाखान्यातली आया कांताबाई गोळ्या घेऊन येई. पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून तिच्या दारात ना उतारा ना अंगारा. बोलायला फटकळ, पण विमलचं डोकं मांडीवर घेऊन दुपारच्या दुपार बसायची.

"मैनाबाई, झाडाले काई बांधू नका," ती म्हणाली. "गोयी द्या, पानी पाजा. आमी सोडलं ते समदं, आमचं काई अडलं नाई."

मैनाबाईनं हो हो म्हटलं, आणि कांताबाईची पाठ वळताच झऱ्यावर गेली.

चिंधी कशाची फाडायची? विमलच्या अंगात नवा फ्रॉक होता, दिवाळीला घेतलेला. तो फाडायला आईचा जीव धजला नाही. पोरगी बरी झाली की घालायला हवा ना. डोक्याचा रुमालही अंगावरचाच की. मैनाबाईनं त्याच्या कडेची बोटभर पट्टी फाडली, झऱ्यात भिजवली आणि हिवराला बांधली.

३

चार-सहा दिवसांनी ती धुणं घेऊन नाल्यावर गेली. झरा नाल्याच्या वरच्या अंगाला, फार दूर नाही. बांधल्यावर मागं बघायचं नसतं हे माहीत असून तिनं झाडाकडे बघितलं. आईची नजर, ती काय ऐकते?

साऱ्या चिंध्या धुळीनं मातकट झाल्या होत्या. कालपरवा बांधलेल्याही. एकच चिंधी हिरवीगार होती. जवळ जाऊन मैनाबाईनं हात लावला. चिंधी ओली होती.

चैत्राचं ऊन. धुतलेली चादर दगडावर टाकली तर विडा लावेपर्यंत वाळते. मग ही ओली कशी? झऱ्याचं पाणी उडालं असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण झरा खाली, चिंधी डोक्याच्या वर. माकडानं भिजवली असेल. पण माकड कशाला भिजवेल? विलायती कापड आहे, त्याला धूळ धरत नसेल. हे कारण तिला बरं वाटलं आणि ते घेऊन ती घरी आली.

त्या दिवशी दुपारी व्हरांड्याच्या टोकाच्या आपल्या खोलीत विमलच्या उशाशी बसली असताना तिला आवाज आला. थप्. मग जरा थांबून, थप्. ओलं कापड दगडावर आपटण्याचा आवाज. आयुष्यभर ज्या आवाजात तिचे हात गेले, तो ओळखायला तिला कष्ट पडले नाहीत. विश्रामगृहाच्या जाड भिंतींतून तो बारीक होऊन येत होता. खोलीतल्या माठावर पेला उपडा घातला होता. प्रत्येक आपटण्यासरशी तो किणकिणत होता.

"नाल्यावर कोन हाय?" तिनं रामरावाला विचारलं.

"या उनात? कोनी नाई. कायले?"

"आवाज येते."

रामरावानं कान दिला. "गिरणीचा पट्टा असन," तो म्हणाला. सरकी काढायची ती गिरणी तर कापूस संपला तेव्हाच बंद झाली होती. हे त्यालाही माहीत होतं, पण नवऱ्यांना उत्तर द्यायची घाई असते.

मैनाबाईनं दार उघडून बाहेर पाहिलं. व्हरांड्यात शीलाबाई खांबाला धरून उभी होती, नाल्याकडे तोंड करून. ओठ अर्धवट उघडे. हसत होती का रडत होती, सांगता येईना.

४

ताप उतरेना. गोळी पोटात ठरेना. दवाखान्याच्या डॉक्टरनं सांगितलं, उद्याच्या सकाळच्या एसटीनं यवतमाळला मोठ्या दवाखान्यात न्या. कांताबाई दाराशी रामरावाला हळू आवाजात म्हणाली, "सकायपर्यंत दम धरला पाह्यजे पोट्टीनं." ते मैनाबाईनं ऐकलं.

ऐकलं आणि ती तडक शीलाबाईच्या खोलीत गेली. खानसाम्याच्या बायकोनं दार न वाजवता पाहुण्यांच्या खोलीत शिरायचं नसतं. ती शिरली.

"तो रुमाल कोनाचा?"

शीलाबाई पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं टाळाटाळ केली नाही. "मेरा. मैं छोटी थी, विमल जितनी."

पन्नास वर्षांचं कापड. कालच ठाणातून कापल्यासारखं दिसत होतं.

मग तुटक्या हिंदीत तिनं सांगितलं ते असं. तिलाही लहानपणी ताप आला होता. आईनं या रुमालाची चिंधी फाडून गावच्या झऱ्यावर बांधली. चिंधी विरली नाही. नदीच्या उतारावर एक बाई कापड धुताना दिसते असं त्यांच्याकडे म्हणतात. जो जायचा असतो त्याचं कापड ती धुते. आईनं तो आवाज ऐकला आणि एका दुपारी नदीकडे धावत गेली.

"मंग?"

"मैं अच्छी हो गई. उसी दिन." शीलाबाईनं पलंगाची चादर हातानं सारखी केली. "माँ नहीं आई."

मोठी झाल्यापासून ती आईला शोधत होती. आपल्या देशातले झरे झाले, धोंड्यांची रिंगणं झाली, समुद्रापलीकडच्या बेटांवरचीही झाली. प्रत्येक ठिकाणी रुमाल बांधून पाहिला. कुठंच आवाज आला नाही. मग आश्रमात कुणीतरी या हिवराच्या झाडाबद्दल बोललं.

"अन् मंग तुमी तो माह्या पोरीच्या डोक्याले बांधला," मैनाबाई म्हणाली. "काहून? सांगा ना. काहून?"

शीलाबाईनं मान खाली घातली. "बच्चे के बिना... कुछ नहीं होता था."

मैनाबाईच्या हातात काही असतं तर तिनं ते बाईच्या डोक्यात घातलं असतं. हातात काही नव्हतं. ती बाहेर आली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. रामराव म्हणाला, "माय नदीत बुडाली असन तिची, अन् लहानपनीच डोक्यावर परिनाम झाला. तू यड्या मानसाचं कायले मनावर घेतं? सकायी एसटी हाय. आपन जाऊ."

बोलणं शहाणपणाचं होतं. मैनाबाईलाही ते पटलं. पटलं, आणि तेवढ्यात माठावरचा पेला किणकिणायला लागला.

५

ऊन डोक्यावर होतं. ती अनवाणी निघाली. चिंधी सोडायची, हे तिनं ठरवलं होतं. सोडणाऱ्याला दुखणं लागतं ना? लागू दे. एवढं साधं गणित मांडून ती चालत होती.

हिवरावर हिरवी चिंधी नव्हती.

थप्, असा आवाज खालून आला. मैनाबाई दगडांवरून उतरली. तिच्याच धुण्याच्या दगडापाशी एक बाई पाठमोरी ओणवी होती. डोक्यावरून कापड घेतलेलं, अंगावरचं वस्त्र भिजून भिजून बिनरंगाचं झालेलं. लुगडं म्हणावं तर लुगडं नाही. गावातली कुणी असेल, मैनाबाईला वाटलं. बौद्धपुऱ्यातली, नाहीतर तांड्यावरची. सासरहून आलेली कुणाची लेक. मनाला तिनं जेवढी घरं आठवली तेवढी फिरवून आणली.

बाईनं कापड पाण्यातून वर काढलं. ते हिरवं होतं, आणि बोटभर नव्हतं. ते येतच राहिलं, लुगड्याएवढं लांब. मग मागं न बघता तिनं एक टोक मैनाबाईकडे केलं.

नाल्यावर एक रिवाज असतो, तो कुणी शिकवत नाही. लुगडं, चादर एकटीला पिळता येत नाही. कुणी टोक पुढं केलं की समोरचीनं धरायचं. मग ती भांडलेली जाऊ का असेना. त्यात विचार करायचा नसतो, हातच पुढं होतो. मैनाबाईचा हात पुढं झाला. टोक तिच्या मुठीत आलं तेव्हा कुठं तिला कळलं की आपण काय धरलं आहे.

बाईनं पीळ द्यायला सुरुवात केली. मैनाबाईनं उलट्या बाजूनं दिला. पिळ्यातून पाणी सुटलं आणि तिच्या मनगटावरून ओघळलं. ते कढत होतं. सकाळपासून विमलच्या कपाळावर हात ठेवताना जेवढं लागत होतं, तेवढंच कढत. पिळता पिळता ते कोमट झालं, मग गार.

आता घडी. घडी घालायची म्हणजे दोघींनी टोकं धरून एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, तोंडासमोर तोंड. बाई वळायला लागली होती.

टोक टाकून पळता आलं असतं. वाट मोकळी होती, घर दिसत होतं. मैनाबाईला पळायचं होतं, जिवाच्या आकांतानं पळायचं होतं. पण पन्नास वर्षांपूर्वी ती दुसरी पोरगी वाचली होती. तिच्या आईनं टोक टाकलेलं नसणार. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईला आईचं कळतं. विमलनं उद्या फ्रॉक घालावा, पेरू चोरावेत, मार खावा, मोठं व्हावं. मैनाबाई चालू लागली. टोकाला टोक लागलं. तिनं वर पाहिलं.

तरुण तोंड होतं. तिशीचंही नसेल. पाण्यात राहून पांढरं पडलेलं, थकलेलं, आणि तोंडभर तांबूस ठिपके. शीलाबाईची लेक शोभली असती. बाईनं आपली टोकं मैनाबाईच्या हातात दिली, हात कापडाला पुसले आणि काही न बोलता माळाच्या वाटेनं चढू लागली. तिला घाई झाली होती.

वर रिंगणाशी शीलाबाई येऊन बसली होती. ती बाई तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. काहीतरी बोलली. शीलाबाई उठली, अनोळखी माणसाला करतात तसा हात जोडून नमस्कार केला, वाट देण्यासाठी बाजूला सरकली, आणि तिच्या खांद्यावरून पुन्हा झऱ्याकडे बघू लागली.

मैनाबाईनं एवढंच पाहिलं. थांबायला तिला वेळ नव्हता.

६

व्हरांड्यात कांताबाई होती आणि ती हसत होती. आतून विमलचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. "बाबा, भूक लागली! भाकर द्या ना!"

पायरीला धरून मैनाबाई वर आली. रामराव पोरीला कडेवर घेऊन बाहेर आला. तिचे केस घामानं ओले झाले होते, अंगात तोच फ्रॉक, आणि ताप उतरलेल्या पोरांचे होतात तसे डोळे मोठे मोठे झालेले.

"विमे," मैनाबाईनं हात पसरले.

विमलनं बापाच्या मानेला घट्ट मिठी मारली. "बाबा," ती त्याच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं, "हे बाई कोन हाय?"

"भेऊ नोको वो," रामराव म्हणाला. त्यानं खांद्यावरचं फडकं सारखं केलं, परक्या बाईपुढं करतो तसं, आणि नजर जरा खाली घेतली. "कोनाकडं आले बाई तुमी?"

मैनाबाईनं कांताबाईकडे पाहिलं. कांताबाई सरकून तिला बसायला जागा करत होती.

"मी मैना," ती म्हणाली. "मी मैना हाय."

"मैनाकडं आल्या काय?" रामरावाचा चेहरा उजळला. "ते नाल्यावर गेली हाय. येईनच आता. पोट्टीचा ताप उतरला हे तिले अजून मालूमच नाई. बसा. पानी देऊ?"

"माय कवा येईन?" विमलनं विचारलं.

मैनाबाईला रिंगणाशी हात जोडणारी शीलाबाई आठवली. मग ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. रामरावानं तिला पाणी दिलं. विमल बापाच्या कडेवरून उतरली, पायरीवर जाऊन बसली, आणि सगळेच नाल्याच्या वाटेकडे बघू लागले.